लाल ठिपक्याच्या तिसऱ्या

सिराजुद्दीनच्या पोरीला यातून काय सुटणार, याचा हिशेब ठमाबाईने पहिल्याच दिवशी मांडला, आणि तो काही केल्या जुळेना.

पोरीचं नाव अक्सा. दिघीला बापाचं स्लॅबचं घर, दारात टेम्पो. मुंबईला राहून समुद्रातल्या जीवजंतूंचं शिकलेली. अशी पोर मार्गशीर्षातल्या पुनवेच्या ओहोटीला कातळवाडीच्या खाडीत गुडघ्याएवढ्या चिखलात उभी राहून तिसऱ्यांना, म्हणजे खायच्या शिंपल्यांना, नेलपॉलिश लावत होती. एका तिसरीला एक लाल ठिपका. फुंकर मारून तो वाळवायचा, वहीत रेघ ओढायची आणि तिसरी पुन्हा चिखलात सोडायची. अशा चारशे केल्या. दुसऱ्या दिवशी पलीकडे भाटवाडीच्या बाजूला आणखी चारशे.

"फुकटात कंबर कोन मोडतं?" ठमाबाईने शेजारच्या शकूला विचारलं. दोघी काठावर पाट्या धूत बसल्या होत्या.

"डाक्टर व्हनार म्हनं ती, ठमावैनी."

"सुई टोचनारी?"

"न्हाय. कागदावरची."

कागदावरचं डॉक्टरपण ठमाबाईने करंगळीवर धरलं. पण ते तर सावलीत बसूनही होता आलं असतं. दुसऱ्या बोटावर पोरीचा बाप आला, आणि तिथे हिशेबाला जरा धार आली.

कातळवाडी आणि भाटवाडी या दोन्ही वाड्यांच्या तिसऱ्या गेली तीस वर्षं सिराजुद्दीनच उचलत होता. आधी म्हसळ्याच्या बाजाराला द्यायचा, अलीकडे थेट नागावच्या होमस्टेवाल्यांना. दराची गोष्ट निघाली की तो म्हणायचा, "माल बेहिसाब येतोय, ठमाबाई, कुठे घालू?" आणि ठमाबाई म्हणायची, "खाडीत आता ऱ्हायलंय काय, सिराजभाई?" खाडीत खरोखर किती आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, म्हणूनच ही घासाघीस तीस वर्षं सुखाने चालली होती. आणि आता त्याची पोर खाडीत उतरून मोजायला लागली होती.

तिसरं बोट समितीचं. वर्षागणिक तिसऱ्या बारीक होत चालल्या होत्या. पूर्वी तळव्यात चार मावायच्या, आता आठ मावतात, हे ठमाबाईलाही दिसत होतं. म्हणून तालुक्याला एक समिती बसली होती. दोन वाड्यांच्या चिखलातल्या दोन पट्ट्यांपैकी जी ओस पडत चालली असेल ती दोन वर्षं बंद ठेवायची, तिथे कुणी हात घालायचा नाही, असं घाटत होतं. कुठली ओस आणि कुठली भरलेली, हे अक्साच्या मोजणीवर ठरणार होतं.

कातळवाडीची पट्टी बंद झाली तर वीस बायकांनी दोन वर्षं काय करायचं, याला समितीकडे उत्तर नव्हतं. ठमाबाईकडेही नव्हतं. त्या पट्टीवर कुणी कुठे उभं राहायचं हे सासूनंतर तीच ठरवत आली होती. सोय म्हणून गुडघेदुखीवाल्यांना काठाजवळ आणि नव्या सुनांना खोल चिखलात. पट्टीची शीवही तिलाच विचारायची: वाकडा माड आणि डोंगरावरचा मोबाइलचा टॉवर एका रेषेत आले की तिथून पुढे भाटवाडीचं. पट्टी गेली की ठमाबाई म्हणजे नुसती एक म्हातारी.

अक्साने शाळेच्या पडवीत दोन्ही वाड्यांच्या बायका बोलावल्या आणि समजावून सांगितलं. पौषातल्या पुनवेला ती येणार. त्या दिवशी ज्या तिसऱ्या निघतील त्यातल्या प्रत्येकीने एक मापटं तिला मोजायला द्यायचं.

"निवडायचं नाही, मावशी," ती ठमाबाईकडे बघून म्हणाली, कारण बाकीच्या तिच्याकडेच बघत होत्या. "लाल असो, बिनलाल असो, हातात येईल तसं मापट्यात. मोजून लगेच परत देईन."

आणखीही काही सांगितलं तिने. चिखलात एक थर्मामीटर पुरून ठेवलंय, त्याला हात लावू नका. आणि भाटवाडीकडच्या तिसऱ्यांना ठिपक्याखेरीज कडेला कानशीची एक बारीक रेघ मारलेली आहे, म्हणजे भरतीबरोबर इकडच्या तिकडे झाल्या तर कळेल. पण ते सांगत होती तेव्हा ठमाबाई शकूच्या कानाशी लागली होती.

त्याच संध्याकाळी ठमाबाईच्या अंगणात कातळवाडीच्या बायकांची वेगळी बैठक भरली.

"मापटं द्यायचं, व्हय," ठमाबाई म्हणाली. "पन आपल्याला किती गावतं त्ये तिला कशाला दाखवायचं? आज ती मोजल, रातच्याला जेवताना बापाला सांगल, उद्या बाप दर पाडल. तवा बिनरंगाच्या मापट्यात घालू नका. तांबड्या घाला. म्हैनाभर ज्या ज्या तांबड्या हाताला लागतील त्या सांभाळून ठेवा, अन् त्या दिशी त्याच द्या. वरनं चार बिनरंगाच्या, दिसाया."

"तांबड्याच कशाला?" शकूने विचारलं.

"म्या तुज्याकडं धा कोंबड्या सांभाळाया ठेवल्या, अन् धाच्या धा परत गावल्या, तर मी काय म्हनीन?"

"शकू चांगली म्हनशील."

"अन् एकच गावली तर?"

"मंग शकूनं खाल्ल्या म्हनशील."

"तसंच खाडीचं. तिनं चारशे सोडल्या. त्यातल्या जितक्या परत दिसतील तितकी आपली पट्टी चांगली."

शकूला हे पटलं. सगळ्यांनाच पटलं, आणि ठमाबाईला तर स्वतःचंच कौतुक वाटलं. एकाच मापट्यात बापाचं तोंड बंद आणि समितीचं तोंड गोड.

कातळवाडीच्या बायका मग महिनाभर लाल ठिपक्यांमागे लागल्या. बिनरंगाच्या पाटीत, लाल जाळीच्या पिशवीत, आणि पिशवी कांदळाच्या मुळाला पाण्यात बांधून ठेवलेली, म्हणजे जीव राहतो. एक गोष्ट मात्र कुणी मोडली नाही. चिखलात उतरल्यावर पहिली मूठ डोळे वर करून काढायची आणि न बघताच पुन्हा चिखलात सोडायची. ती मूठ खाडीची. त्यात लाल असली तर असली.

एवढ्यावर ठमाबाईचं भागलं असतं, पण भाटवाडीकडेही चारशे लाल तिसऱ्या होत्या ही गोष्ट तिला स्वस्थ बसू देईना.

भाटवाडीला तिची लेक दिली होती, तेजस्वी. विहीण नीराबाई म्हणजे अंगाने भरलेली, कामाला सावकाश आणि बोलायला मोकळी बाई. ठमाबाई एरवी वर्षातून चार वेळा लेकीकडे जायची. त्या महिन्यात चार वेळा गेली, आणि प्रत्येक वेळी नेमकी ओहोटी साधून.

"पाव्हनीनं चिखलात कशाला उतरायचं, विहीणबाई?" नीराबाई म्हणायची.

"हात वळवळतात बसल्या जागी."

"मंग वळवळू द्या तिकडं, माज्या पाटीत."

बिनरंगाच्या नीराबाईच्या पाटीत पडायच्या. लाल ठमाबाईच्या ओटीत. तिसऱ्या खेपेला मोरीत पाय धुताना ओटीतून एक खाली घरंगळली. तेजस्वी कळशी घेऊन मागेच उभी होती. तिने ती उचलली, ठिपका बघितला, आईच्या पुढे आलेल्या ओटीकडे बघितलं.

"आये, ही गं काय?"

"चिकटली आसंल लुगड्याला."

तेजस्वीने ती तिसरी आईच्या हातात ठेवली आणि सासूला चहाचं विचारायला आत गेली. पुन्हा त्यावर अक्षर बोलली नाही.

पौषातल्या पुनवेला अक्सा आली, वीस मापटी घेऊन बसली आणि मोजायला लागली. ठमाबाई समोरच बसून पोरीचं तोंड वाचत होती. तिसऱ्या मापट्याला कपाळाला आठी पडली. दहाव्याला पोरीने पेन खाली ठेवलं आणि पहिलं मापटं पुन्हा मोजलं. शेवटी ती उठली तेव्हा चेहरा साफ उतरला होता.

"बघ," ठमाबाई शकूला म्हणाली, "बापाचीच लेक. आपली पट्टी भरलेली निघाली तर तोंड कसं झालं."

भाटवाडीच्या बायकांनी कसली निवड केली नव्हती, कसली बैठक घेतली नव्हती. नीराबाईने मापटं पाटीत बुडवलं आणि देऊन टाकलं.

चार दिवसांनी सिराजुद्दीन पाट्या उचलायला आला तो घुश्शात होता.

"आकडा विचारला पोरीला," तो टेम्पोच्या फाळक्याला टेकून म्हणाला. "म्हणते, अब्बा, समितीच्या आधी कुणाला नाही. अगं, मी बाप आहे की कुणी गैर? तर म्हणते, बाप आहात म्हणूनच नाही. आता बोला, ठमाबाई."

बापलेकीने मिळून नाटक बरं बसवलंय, असं ठमाबाईने मनात म्हटलं आणि पाटी पुढे सरकवली.

त्यानंतर दोन दिवसांनी, भर दुपारी, अक्सा एकटीच तिच्या अंगणात येऊन उभी राहिली. ठमाबाई परातीत मोड आलेले वाल घेऊन सोलत बसली होती. एका बाजूला तपकिरी सालीचे, एका बाजूला सोललेले पांढरे.

"बस. च्या टाकू?"

"नको, मावशी. रोजा आहे आज." ती जोत्यावर बसली. "गुरुवारी समिती आहे. माझ्या मोजणीप्रमाणे भाटवाडीची पट्टी एवढी भरलेली आहे की तिला काही करायची गरज नाही. आणि कातळवाडीच्या पट्टीत तिसऱ्या उरल्याच नाहीत. सगळ्या मिळून पाच-सहा पाट्या भरतील, बस. कातळवाडी दोन वर्षं बंद होणार."

ठमाबाईच्या हातातला वाल सालीसकट परातीत पडला.

"तू मोजताना झोपलेलीस का काय? तांबड्या कुनाच्यात जास्ती व्हत्या?"

"तुमच्यात. तेच तर."

"मंग?"

अक्साने परात पुढे ओढली. पांढरे बाजूला काढून तपकिरी वालांत त्यातले दहाच टाकले आणि हाताने सगळं ढवळलं. "डोळे मिटा. मूठ मारा."

ठमाबाईने मूठ मारली. पाच-सहा तपकिरी, एखादा पांढरा.

आता अक्साने बहुतेक तपकिरी वाल सुपात काढून घेतले. परातीत दहा पांढरे आणि मूठभर तपकिरी उरले. "पुन्हा मारा."

मुठीत पांढरेच जास्त आले.

"पांढरे दोन्ही वेळेला दहाच होते, मावशी. मुठीत जास्त पांढरे कधी आले?"

ठमाबाई उघड्या तळव्याकडे बघत राहिली.

"परात रिकामी झाली तवा."

"हं."

कोंबड्यांचा दाखला ठमाबाईला आठवला. वीस बायकांनी महिनाभर वेचून वेचून आपलीच पट्टी रिकामी असल्याचा पुरावा गोळा केला होता, आणि तिने तो मापटी भरभरून दिला होता.

"पण मला ते पटत नाही," अक्सा म्हणाली. "अब्बांच्या टेम्पोत कातळवाडीच्या महिन्याला दीडशे पाट्या चढतात, हे मी लहानपणापासून बघतेय. पाच-सहा पाट्यांच्या पट्टीतून दीडशे कशा निघतात?" तिने पिशवीतून एक पुडी काढली आणि सोडली. आत लाल ठिपक्याच्या तिसऱ्या होत्या. एक उचलून तिने कड ठमाबाईच्या बोटाखाली धरली. कानशीची रेघ नखाला लागली. "आणि या एकसष्ट. या भाटवाडीच्या आहेत. तुमच्या मापट्यांत निघाल्या, म्हणून तेवढ्या ठेवून घेतल्या."

ठमाबाईने रेघेवरून नख दोनदा फिरवलं.

"भरती आनते," ती म्हणाली.

"पाऊण मैल आत? एका महिन्यात एकसष्ट?"

"पान्याला काय, त्ये नेतं कुटं बी."

अक्साने हातातली तिसरी पुडीत परत ठेवली. मग हळू म्हणाली, "तिसऱ्या एवढ्या लांब जातात असं अजून कुणी लिहिलेलं मी तरी वाचलं नाही. हे खरं असेल तर माझं नाव होईल, मावशी. मी यावर वेगळा निबंध लिहीन. तुम्ही इथल्या जाणत्या, म्हणून तुमचंही नाव त्यात घालीन. ठमाबाईंनी सांगितलं म्हणून."

"मंग घाल की."

"खरं आहे का?"

ठमाबाईने पोरीकडे नीट बघितलं. तीन बोटांवर मांडलेला हिशेब तिने पुन्हा काढला. ही पोर 'व्हय' ऐकायला आली असती, तर ते तिला मिळालं होतं. डॉक्टरपण पक्कं, वर नाव. बापाला आकडा द्यायचा असता तर तो केव्हाच दिला असता. सिराजभाईचं फाळक्याशी टेकलेलं रुसकं तोंड काही नाटकातलं नव्हतं, हे तिला आत्ता दिसलं. समितीला पाच-सहा पाट्यांचा आकडाही चालला असता, त्यातला कुणी चिखलात उतरलेला नव्हता. मग हे दुसऱ्यांदा विचारणं कशासाठी?

का हा फास आहे? आपल्याकडून वदवून घ्यायचं आणि गुरुवारी सगळ्यांपुढे उभं करायचं?

"खरं न्हाय म्हनलं तर तुजं काय व्हनार?" तिने विचारलं.

"मोजणी फुकट. पुन्हा करावी लागेल. माझं वर्ष पुढे जाईल."

"मंग तुला यात सुटतं काय? त्ये सांग मला. मी पयल्या दिसापास्नं त्येच जुळवतेय."

अक्साला हसू आलं. "एकदा आकडा छापला ना, मावशी, की तो पुढचे वीस जण उचलतात. खाली उतरून कुणी बघत नाही. भरलेली पट्टी बंद करतील, रिकामी होत चाललेली उपसू देतील, म्हणजे एक बंद आणि दुसरी ओस. त्यावर माझं नाव असेल. आणि अब्बा मग काय उचलतील, वाळू?"

हे ठमाबाईला पटण्यासारखं होतं, कारण यात शेवटी बापाच्या धंद्याचं तरी काहीतरी निघालं. अगदीच कशातून काही न सुटणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं, हे तिला माहीत नव्हतं.

"मी आनल्या," ती म्हणाली. "वटीतनं. चार खेपांत. अन् तांबड्या येचून घाला म्हनून बायकांना बी मीच सांगितलं."

अक्साने वही उघडली नाही. पुडी पुन्हा बांधली. "गुरुवारी मी एवढंच सांगीन की मोजणीत चूक झाली. कुणामुळे ते सांगायची गरज नाही."

"मंग लोकं म्हनतील, सिराजभाईच्या पोरीला मोजता येत न्हाय."

"म्हणू देत."

असले उपकार घरात ठेवून घेणं ठमाबाईच्या स्वभावात नव्हतं. आज घ्यायचे आणि जन्मभर त्याचं काय मागतील याची वाट बघायची, त्यापेक्षा गुरुवारी ती स्वतःच उठून उभी राहिली. शाळेच्या त्याच पडवीत, समितीच्या साहेबांपुढे, दोन्ही वाड्यांपुढे, ओटीपासून कोंबड्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. शकूने मान खाली घातली. भाटवाडीच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

नीराबाईला समजायला जरा वेळ लागला.

"म्हंजे विहीणबाई," ती सावकाश म्हणाली, "तुमी म्हैन्यात चारदा आलात त्या लेकीला भेटाया न्हाय. माज्या चिखलाला भेटाया आलात."

पडवीत हशा पिकला. साहेबसुद्धा हसले. तेजस्वी खांबाशी उभी होती. ती हसली नाही.

समितीने माघातल्या पुनवेपर्यंत मुदत दिली. अक्सा सगळ्यांकडे बघत म्हणाली, "मला अशा तिसऱ्या हव्यात ज्या कुणी निवडलेल्या नाहीत. लाल बघून उचलायच्या नाहीत, मोठी बघून उचलायची नाही. काहीच न बघता काढलेल्या. अशा कशा मिळतील, तुम्हीच सांगा."

आता ठमाबाईला बोलायचं तोंड नव्हतं, पण उत्तर तिलाच माहीत होतं.

"पयली मूठ," ती बसल्या जागेवरून म्हणाली.

बायकांत कुजबुज झाली. ती मूठ बघायची नसते. आजवर कुणी बघितलेली नाही. नीराबाईनेही हात कानाला लावले.

"तुम्ही नका बघू," अक्सा म्हणाली. "मी बघते. मी कुठे खाडीत तिसऱ्या काढते?"

यावर बराच वेळ वाद झाला आणि शेवटी हेच ठरलं. नवीन ठिपके हिरवे. पुनवेपर्यंत, मोठी ओहोटी असेल त्या दिवशी, बायका तोंड आकाशाकडे करून मूठ काढायच्या आणि शेजारी धरलेल्या चाळणीत सोडायच्या. अक्सा मोजायची, वहीत टिपायची आणि चाळण पाण्यात उलटी करायची. खाडीची मूठ खाडीला. कातळवाडीच्या वीस जणींमागून चाळण घेऊन फिरताना ती दोनदा आपटली, एकदा चप्पल चिखलात कायमची गेली. ठमाबाई ते सगळं बघत होती आणि या मोजणीत कुठे खोट काढता येते का ते शोधत होती. सापडली नाही.

माघाच्या पुनवेनंतर आकडा निघाला. दोन्ही पट्ट्या जवळपास सारख्या. दोन्हीकडे वाटत होतं त्याच्या निम्म्या तिसऱ्या, आणि त्यातल्या निम्म्या अजून वाढ न झालेल्या. चिखलातलं थर्मामीटर दुपारी वर चढत होतं, त्याचा हा परिणाम असावा, पण त्याला आणखी काही वर्षं मोजावं लागेल, असं अक्साने लिहिलं. समितीने प्रत्येक पट्टीचा निम्मा भाग एक वर्ष बंद केला. काठ्या रोवून दोऱ्या ताणल्या.

शिमग्याला तेजस्वी माहेरी आली. पालखी नाचवून झाली, पाहुणे गेले, आणि दोघी मागच्या पडवीत बसल्या. ठमाबाईने बोटं पुढे केली.

करंगळीवर अक्सा. तिचं एक वर्ष गेलं. नावापुढचं डॉक्टर आता पुढच्या साली. दुसरं बोट कातळवाडीचं: दोन वर्षं अख्खी पट्टी जाणार होती, त्याऐवजी एक वर्ष अर्धी. तिसरं भाटवाडीचं. पहिली मोजणी तशीच राहिली असती तर त्यांचं काहीच गेलं नसतं. ठमाबाई खरं बोलली म्हणून त्यांची अर्धी गेली. नीराबाईने हे तीनदा बोलूनही दाखवलं होतं. चौथ्या बोटावर सिराजभाई. माल कमी झाला म्हणून त्याने नागावला दर चढवला आणि चढलेल्यातलं थोडं बायकांच्या हातावर ठेवलं. त्याला काही पडलं नाही. त्याला आजवर कधी पडलेलं तिने पाहिलंही नव्हतं.

"अन् मी," ती अंगठा हलवत म्हणाली. "माजं म्हातारीचं नाव गेलं. उभं ऱ्हायची जागा आता शकू ठरवते. जाऊ दे. झालं, फिटलं सगळ्यांचं."

तेजस्वी आईच्या हाताकडे बघत होती.

"सासू वाईट न्हाय माजी," ती म्हणाली. "हसूनच बोलते. पन खाडीतनं वर आले की माजी वटी बघते. पयल्यांदा गमतीनं बघितली. आता समद्याच बघतात. मी पाटी ठेवायच्या आधी आपनच पदर झटकून दाखवते."

"तू तर कायच केलं न्हाईस."

"मोरीत बघितलं व्हतं मी. गप ऱ्हायले."

ठमाबाईचा हात तसाच पुढे राहिला. पाचही बोटं भरली होती. तेजस्वीचं ती मोजायलाच विसरली होती, आणि या सगळ्याचा दंड रोज भरत होती ती एकटी लेकच.